बियांपासून पपई: फळाच्या निवडीपासून पहिल्या तोडणीपर्यंत

आंबा, चिकू, पेरू यांची कलमे रोपवाटिकेतून आणून लावता येतात आणि मूळ झाडाचे गुण नव्या झाडात जसेच्या तसे उतरतात. पपईच्या बाबतीत हा मार्ग व्यवहारात फारसा रुळलेला नाही. शहाद्याकडच्या शेतातील हजारो झाडांची बाग असो किंवा एखाद्या घरामागची दोन झाडे असोत, पपईची लागवड आजही बियांवरच चालते. त्यामुळे बी कोणत्या फळातले आहे, ते कसे धुतले, कोणत्या महिन्यात पेरले आणि पिशवीतल्या रोपाची निगा कशी राखली, यावर पुढच्या वर्षीचे फळ अवलंबून राहते. परसबागेत पपई लावणाऱ्यांची निराशा बहुतेक वेळा दोन कारणांनी होते, असे माझे मत आहे: एक तर पहिल्या दोन महिन्यांत रोपांची हेळसांड होते, आणि दुसरे म्हणजे झाड नर आहे, मादी आहे की उभयलिंगी, याचा विचार लागवडीपूर्वी कोणी करत नाही. म्हणून या लेखात त्या दोन बाबींना अधिक जागा दिली आहे.

पेरण्याआधी: नर, मादी आणि उभयलिंगी

पपईची झाडे तीन प्रकारची असतात. नर झाडाला फक्त परागकण देणारी फुले येतात आणि त्याला सहसा फळ धरत नाही. मादी झाडाला फळ धरते, परंतु त्यासाठी जवळपास नर किंवा उभयलिंगी झाडाचे पराग लागतात. उभयलिंगी झाडाच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असल्यामुळे ते एकटे असले तरी फळते. मादी झाडाचे फळ गोलसर असते आणि त्याची आतली पोकळी मोठी असते, तर उभयलिंगी झाडाचे फळ लांबट, जाड गराचे आणि लहान पोकळीचे असते. बाजारात ग्राहक लांबट फळ पसंत करतात, म्हणून व्यापारी बागांमध्ये उभयलिंगी झाडांना मागणी आहे.

जाती निवडताना हा फरक डोळ्यांपुढे असावा. महाराष्ट्रात जुन्या काळापासून लोकप्रिय असलेली ‘वॉशिंग्टन’, ठेंगणी ‘पुसा नन्हा’ आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाची पेपेनसाठी (कच्च्या फळाच्या चिकातून मिळणाऱ्या पाचक द्रव्यासाठी) उपयुक्त ठरलेली ‘को-२’ या जातींत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. याउलट ‘पुसा डेलिशियस’, ‘कूर्ग हनी ड्यू’, बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘सूर्या’ व ‘अर्का प्रभात’, तसेच खानदेशात मोठ्या क्षेत्रावर लावली जाणारी तैवानची संकरित ‘रेड लेडी ७८६’ यांत मादी आणि उभयलिंगी झाडे निघतात, नर निघत नाहीत.

घरच्या बागेसाठी बियांचे गणित असे मांडता येते. उभयलिंगी फुलाचे परागीभवन त्याच्याच परागाने झाले, तर त्या फळातील बियांपासून सरासरी तीनपैकी दोन झाडे उभयलिंगी आणि एक मादी निघते. मादी फुलावर उभयलिंगी झाडाचे पराग पडले असतील, तर निम्मी झाडे मादी आणि निम्मी उभयलिंगी होतात. मादी फुलावर नर झाडाचे पराग पडले, तर निम्मी मादी आणि निम्मी नर होतात. याचा सरळ अर्थ असा की, बाजारातून आणलेल्या फळाचे बी वापरायचे असेल तर लांबट फळाचे वापरावे. गोल फळाचे बी घेतल्यास नर झाडे निघण्याची शक्यता बरीच वाढते, कारण त्या फळाचे पराग कोठून आले हे आपल्याला ठाऊक नसते. संकरित जातीच्या फळातील बियांपासून आलेली झाडे मूळ झाडासारखी हुबेहूब निघत नाहीत. उंची, गोडी, गराचा रंग आणि फळाचा आकार यांत फरक पडतो. घरी खाण्यासाठी दोन-चार झाडे लावणाऱ्याला ही तफावत चालून जाते. विक्रीसाठी एकरभर लावणाऱ्याने मात्र दर वेळी खात्रीचे नवे बी किंवा विश्वासू रोपवाटिकेतील रोपेच घ्यावीत. तेथे घरच्या बियांची काटकसर महागात पडते.

आपल्याच बागेतील चांगल्या झाडाचे बी धरायचे असल्यास एक सोपी आणि खात्रीची पद्धत आहे. उभयलिंगी झाडावरची उद्या उमलेल अशी फुगीर कळी निवडून तिच्यावर पातळ कापडाची किंवा कागदाची लहान पिशवी हलक्या हाताने बांधावी आणि फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधून ठेवावा. पिशवीमुळे बाहेरचा पराग आत येत नाही. या फळातले बी तीनास दोन या प्रमाणात उभयलिंगी झाडे देईल.

रोप लहान असतानाच त्याचे लिंग ओळखण्याचे अनेक ठोकताळे सांगितले जातात. काळेभोर बी मादीचे, फिकट बी नराचे, सरळ मुळाचे रोप नर, फाटे फुटलेल्या मुळाचे रोप मादी, असे ते ठोकताळे आहेत. यांपैकी कशावरही विसंबून रोपे टाकून देऊ नयेत. प्रयोगशाळेत रोपाच्या पानावरून लिंग निश्चित करता येते; बागेत मात्र फूल दिसेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही. या अडचणीवर उत्तर म्हणून एका खड्ड्यात तीन रोपे लावण्याची पद्धत आहे, तिचा विचार पुढे केला आहे.

बी काढणे आणि धुणे

फळ झाडावर चांगले पक्व झालेले आणि कापण्यापूर्वी पूर्ण पिकलेले असावे. कच्च्या फळातील पांढरे बी उगवत नाही. फळ कापल्यावर मधल्या भागातील टपोऱ्या, काळ्या, सुरकुतलेल्या पृष्ठभागाच्या बिया घ्याव्यात आणि फिकट, चपट्या बिया बाजूला काढाव्यात. एका मोठ्या फळात शेकडो बिया असतात, तेव्हा निवडीत हात आखडता घेण्याचे कारण नाही.

प्रत्येक बीभोवती पाण्याने भरलेली, पारदर्शक आणि बुळबुळीत पिशवी असते. दोन बोटांत दाबली की ती फुटते आणि आतून खडबडीत काळे बी बाहेर येते. या आवरणात उगवण रोखणारी द्रव्ये असतात, आणि ते तसेच ठेवून बी पेरले तर उगवण उशिरा, अर्धवट आणि कित्येकदा बुरशीमुळे मुळीच होत नाही. म्हणून बिया चाळणीत घेऊन त्यांवर मूठभर बारीक वाळू किंवा चुलीची राख टाकावी, तळहाताने चोळावे आणि वाहत्या पाण्याखाली धुवावे. बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे लागते. नंतर बिया भांडेभर पाण्यात टाकाव्यात; ज्या तरंगतात त्या बहुधा पोकळ असतात, त्या ओतून द्याव्यात आणि तळाशी बसलेल्या घ्याव्यात.

ताजे, स्वच्छ धुतलेले बी लगेच पेरता येते. काही दिवसांनी पेरायचे असेल तर वर्तमानपत्रावर पसरून सावलीत, वारा लागेल अशा जागी दोन-तीन दिवस सुकवावे. उन्हात, गच्चीवरच्या तापलेल्या फरशीवर किंवा पत्र्यावर वाळवू नये. सुकलेले बी हवाबंद बरणीत, कोरड्या आणि थंड जागी ठेवावे आणि बरणीवर तारीख व जातीचे नाव लिहावे. पपईच्या बियांची उगवणशक्ती साठवणीत लवकर घटते, त्यामुळे मागच्या वर्षीचे बी हाताशी आहे म्हणून पेरण्यापेक्षा नवे मिळवणे श्रेयस्कर.

पेरणीचा काळ

पपई मूळची दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका या उष्ण प्रदेशातली आहे, आणि तिचे बी उगवण्यासाठी माती कोमट असावी लागते. साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात दोन ते तीन आठवड्यांत कोंब वर येतात. रात्री कडाक्याची थंडी पडत असेल तर हेच बी महिनाभर निपचित पडून राहते आणि तोवर ओल्या मातीत कुजण्याचा धोका वाढतो.

महाराष्ट्रात लागवडीचे तीन हंगाम मानले जातात: जून-जुलै, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्च. रोप तयार होण्यास दीड ते दोन महिने लागतात, तेव्हा पेरणी तेवढी आधी करावी. देशावर, जेथे पाऊस मध्यम आणि जमीन निचऱ्याची आहे, तेथे एप्रिलमध्ये बी टाकून जूनच्या पहिल्या पावसानंतर लागवड करता येते. कोकणात आणि गोव्यात मात्र मुसळधार पावसात कोवळी रोपे जगवणे कठीण असते, म्हणून तेथे ऑगस्टमध्ये आडोशाला पेरणी करून पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑक्टोबरात, लागवड करणे माझ्या मते जास्त सुरक्षित आहे. खानदेशात फेब्रुवारी-मार्चच्या लागवडीसाठी डिसेंबर-जानेवारीत रोपे करावी लागतात, आणि हाच काळ तेथे थंडीचा असतो. त्यामुळे रोपवाटिका वाफ्यांवर प्लास्टिकचे बुटके बोगदे उभारून ऊब धरून ठेवतात. घरी पिशव्या रात्री घरात घेणे किंवा त्यांवर पारदर्शक प्लास्टिक झाकणे हा तोच उपाय लहान प्रमाणावर आहे. दिवसा प्लास्टिक उघडून हवा खेळू द्यावी, नाहीतर आत साठलेल्या दमटपणाने बुरशी येते.

माती, पिशव्या आणि पेरणी

पपईचे सोटमूळ नाजूक असते आणि ते दुखावलेले झाडाला सोसत नाही. म्हणून वाफ्यात रोपे करून उपटून लावण्यापेक्षा सुरुवातीपासून पिशवीत करणे चांगले. सुमारे १५ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच अशी काळी रोपवाटिकेची पिशवी योग्य ठरते. एक लिटरची दुधाची पिशवी धुऊन, तळाचे दोन्ही कोपरे कापून आणि बाजूला चार-पाच भोके पाडून वापरली तरी काम भागते. मोठ्या रोपवाटिका कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेले प्रो-ट्रे, म्हणजे लहान कप्प्यांचे प्लास्टिकचे ट्रे, वापरतात, परंतु ट्रेमधली रोपे वेळेवर हलवावी लागतात, अन्यथा मुळे गुंडाळली जातात.

पिशवीत भरण्यासाठी पोयटा माती, चाळलेले पूर्ण कुजलेले शेणखत आणि जाड वाळू किंवा कोकोपीट समप्रमाणात घ्यावे. अर्धवट कुजलेले शेणखत उष्णता निर्माण करते आणि हुमणीसारख्या अळ्याही आणते, म्हणून ते टाळावे. एप्रिल-मे महिन्यांत वेळ असेल तर हे मिश्रण ओले करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवावे. आतल्या तापमानाने रोगकारक बुरशी आणि तणांचे बी बऱ्याच अंशी मरते. त्यानंतर दहा किलो मिश्रणात सुमारे ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) पावडर मिसळून चार-पाच दिवस सावलीत ओलसर ठेवावे. बाग लहान आहे म्हणून ही पायरी गाळू नये. रोपांची पहिली मोठी मर बहुधा मातीतूनच येते.

सुकवून ठेवलेले बी पेरणीपूर्वी २४ तास साध्या पाण्यात भिजवावे आणि मध्ये एकदा पाणी बदलावे. व्यापारी रोपवाटिका उगवण लवकर आणि एकसारखी व्हावी म्हणून जिबरेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकाचे १०० ते २०० पीपीएमचे द्रावण वापरतात, म्हणजे लिटरभर पाण्यात १०० ते २०० मिलिग्रॅम. ही पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, ती आधी थोड्याशा अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. घरच्या दहा-वीस पिशव्यांसाठी याची आवश्यकता नाही. स्वच्छ धुतलेले ताजे बी आणि कोमट माती एवढ्यावर समाधानकारक उगवण होते.

प्रत्येक पिशवीत दोन किंवा तीन बिया, एकमेकींपासून बोटभर अंतरावर, एक ते दीड सेंटिमीटर खोल पेराव्यात. यापेक्षा खोल गेलेले बी वर येताना थकते. वरून बारीक चाळलेले मिश्रण टाकून झारीने हलके पाणी द्यावे आणि उगवण होईपर्यंत पिशव्यांवर ओले गोणपाट किंवा वाळलेले गवत झाकावे. पहिला कोंब दिसताच, म्हणजे त्याच दिवशी, हे आच्छादन काढावे. दोन दिवस उशीर झाला तर रोपे अंधारात लांबट आणि पांढुरकी होतात.

उगवणीपासून दोन महिन्यांपर्यंत

उगवताना आधी मातीतून वाकलेली, पांढरट-हिरवी मान वर येते. एक-दोन दिवसांत ती सरळ होते आणि दोन लांबट बीजपाने उलगडतात. कधी कधी काळे टरफल बीजपानांच्या टोकाला चिकटून राहते. ते ओढून काढल्यास पाने फाटतात. सकाळी त्यावर पाण्याचा थेंब सोडावा, ते मऊ पडून आपोआप गळते. यानंतर येणारी पहिली खरी पाने पपईच्या ओळखीच्या पंजासारखी नसतात. ती लहान, टोकदार आणि कडेला जेमतेम दातेरी असतात. प्रत्येक नव्या पानाबरोबर खाचा खोल होत जातात. नवख्या माणसाला त्यामुळे हे तण आहे की काय अशी शंका येते, तेव्हा उपटण्याची घाई करू नये.

या टप्प्यातील मोठा शत्रू म्हणजे रोपे कोलमडणे, ज्याला मर असेही म्हणतात. पिथियम, फायटोप्थोरा आणि रायझोक्टोनिया या मातीतल्या बुरशीवर्गीय रोगकारकांमुळे ही मर होते. तिची खूण स्पष्ट असते: संध्याकाळी ताठ असलेले रोप सकाळी आडवे पडलेले दिसते, त्याची पाने अजून हिरवीगार असतात, परंतु मातीलगतचा देठ पाणी सुटल्यासारखा, तपकिरी आणि दोऱ्याएवढा बारीक झालेला असतो. असे रोप वाचत नाही. ते मातीसकट काढून लांब टाकावे आणि उरलेल्या पिशव्या एकमेकींपासून दूर करून मोकळ्या हवेत, सकाळच्या उन्हात ठेवाव्यात. लागण वाढत असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरभर पाण्यात अडीच ते तीन ग्रॅम मिसळून ते मुळाशी ओतावे. मात्र औषधापेक्षा पाण्याची शिस्त जास्त उपयोगी पडते. पाणी सकाळी द्यावे म्हणजे संध्याकाळपर्यंत मातीचा वरचा थर सुकतो. बोट पेरभर खुपसून पाहावे आणि आत ओल लागत असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये. रोज ठरल्या वेळी ठरलेला तांब्या ओतणे ही सवय पपईच्या रोपांना घातक आहे.

खरी पाने तीन-चार झाली की प्रत्येक पिशवीत सर्वांत जोमदार एक रोप ठेवून बाकीची कात्रीने मातीलगत कापावीत. उपटल्यास शेजारच्या रोपाच्या मुळांना धक्का बसतो.

दुसरा धोका विषाणूचा आहे, आणि त्याची सुरुवात रोपवाटिकेतच होऊ शकते. पपईवरील रिंगस्पॉट विषाणू बियांतून येत नाही. तो मावा या किडीमार्फत पसरतो. मावा रोगट पानावर क्षणभर सोंड खुपसून निरोगी पानावर बसला तरी तेवढ्यात लागण होते, त्यामुळे कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत विषाणूचे काम होऊन गेलेले असते. म्हणून रोपे पहिल्या दिवसापासून ४० ते ५० मेशच्या (इंचाला ४० ते ५० छिद्रे असलेल्या) कीटकरोधक जाळीखाली ठेवणे हा खरा बचाव आहे. घरी मच्छरदाणीचे जुने कापड काठ्यांवर ताणून कडा मातीत दाबल्या तर माव्याचा शिरकाव बराच कमी होतो. काकडी, दोडका, भोपळा या वेलवर्गीय पिकांवरही या विषाणूचे प्रकार आणि मावा आढळतात, म्हणून पपईची रोपे किंवा झाडे या वेलांच्या शेजारी नसावीत. शेतात बागेच्या कडेने मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावण्याची शिफारस याच कारणासाठी केली जाते: उडत येणारा मावा आधी त्या ओळींवर बसतो, तेथे सोंड खुपसताना त्याच्या सोंडेवरचा विषाणू निघून जातो.

लागवडीपूर्वी आठ-दहा दिवस रोपे हळूहळू उन्हाला सरावली पाहिजेत. प्रथम सकाळचे दोन तास, मग अर्धा दिवस, शेवटी पूर्ण दिवस ऊन द्यावे आणि पाणी थोडे कमी करावे. १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे, पेन्सिलीएवढ्या जाड देठाचे आणि सहा-आठ पानांचे रोप लागवडीस योग्य असते. पिशवीत तीन-चार महिने अडकलेले उंच, किडकिडीत रोप फुकट मिळाले तरी लावू नये.

जागा, खड्डा आणि तीन रोपांची लागवड

पपईला दिवसभरात किमान सहा तास ऊन हवे आणि मुळाशी पाणी साचता कामा नये. एक-दोन दिवस पाणी तुंबले तरी मुळे कुजतात आणि आठवड्याभरात धडधाकट दिसणारे झाड पिवळे पडून कोसळते. आपल्याकडे न्हाणीघराच्या सांडपाण्यावर केळ लावण्याची पद्धत आहे आणि तिच्या शेजारी पपईही लावली जाते. केळीला ते मानवते. पपईसाठी ती जागा पाण्याच्या वाटेपासून दोन पावले दूर आणि उंचवट्यावर असेल तरच ठेवावी. छपराच्या पागोळ्या थेट जेथे पडतात तेथेही ती लावू नये. भारी काळ्या जमिनीत एक फूट उंचीचा गादीवाफा करून त्यावर लागवड करणे हाच मार्ग आहे.

खड्डा सुमारे ४५ ते ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल घेऊन काही दिवस उन्हात तापू द्यावा. वरच्या थराची माती, दहा किलो चांगले कुजलेले शेणखत आणि एक किलो निंबोळी पेंड यांनी तो जमिनीच्या पातळीपेक्षा थोडा वर येईल असा भरावा, कारण माती नंतर खाली बसते. दोन झाडांत १.८ मीटर अंतर ठेवण्याची पद्धत आहे. लांबट पानांच्या, उंच वाढणाऱ्या जातींना सव्वादोन मीटर दिल्यास हवा चांगली खेळते. भिंतीपासून दोन मीटर तरी दूर राहावे. गच्चीवर लावायची असल्यास ‘पुसा नन्हा’सारखी ठेंगणी जात आणि निदान ५० ते ६० लिटर मातीचा, तळाशी भरपूर भोके असलेला ड्रम घ्यावा.

आता एका खड्ड्यात तीन रोपे लावण्याचे कारण पाहू. नर-मादी वेगळे असणाऱ्या जातीत प्रत्येक रोप नर असण्याची शक्यता निम्मी असते. एकच रोप लावले तर दर दोन खड्ड्यांपैकी एक वाया जाण्याची भीती राहते. तीन लावल्यास तिन्ही नर निघण्याची शक्यता आठात एक एवढीच उरते. उभयलिंगी फळाच्या बियांत तीनपैकी दोन झाडे उभयलिंगी असल्याने दोन रोपांतही नऊपैकी आठ वेळा किमान एक उभयलिंगी मिळते. तीन रोपे एकमेकांपासून १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर त्रिकोणात लावावीत. संकरित महाग बियांची रोपे सहसा खड्ड्याला एकच लावतात, कारण त्यांत नर नसतात आणि मादी झाडही फळते.

लागवड संध्याकाळी करावी. पिशवी हाताने ओढून न काढता ब्लेडने उभी चिरावी, मातीचा गोळा न फुटता खड्ड्यात ठेवावा आणि पिशवीत जेथवर माती होती तेथवरच माती भरावी. खोड त्यापेक्षा खोल गाडले तर बुंधा कुजतो. बाजूला काठी रोवून सैल दोरीने आधार द्यावा आणि लगेच पाणी द्यावे. भर उन्हाळ्यात पहिले आठ दिवस पश्चिमेकडून गोणपाटाची सावली करावी.

पाणी आणि खत

खोडाभोवती लहान मातीचा उंचवटा आणि त्याबाहेर पाण्याचे गोल आळे, असे दुहेरी आळे करावे. पाणी बाहेरच्या आळ्यात फिरते आणि खोड कोरडे राहते. बुंधाकुजीला रोखण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. पावसाळ्यापूर्वी खोडाला मातीची भर द्यावी आणि बुंध्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) लावावे. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी आणि उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी पाणी पुरते, परंतु जमिनीच्या पोताप्रमाणे हे अंतर बदलते. वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी स्थिती, पाहूनच पाणी देणे इष्ट.

शेतातील लागवडीसाठी प्रत्येक झाडाला वर्षाला २०० ग्रॅम नत्र, २०० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश, लागवडीनंतर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या महिन्यात चार समान हप्त्यांत देण्याची पद्धत आहे. एका हप्त्याचे ५० ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे ११० ग्रॅम युरिया, ५० ग्रॅम स्फुरद म्हणजे सुमारे ३१० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ५० ग्रॅम पालाश म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. माती तपासून यात कमी-जास्त करावे. घरच्या झाडाला दर दोन महिन्यांनी पाच-सहा किलो शेणखत किंवा दोन-तीन किलो गांडूळखत मिळत असेल तर रासायनिक खताची मात्रा निम्म्यावर आणता येते. खत खोडाला चिकटवून टाकू नये, पानांच्या सावलीच्या कडेला मातीत मिसळावे. फळांवर टेंगळे येऊन ती वेडीवाकडी होत असतील तर बहुधा बोरॉनची कमतरता असते.

फुले ओळखून विरळणी

लागवडीनंतर साधारण चार ते सहा महिन्यांत फुले दिसू लागतात, आणि तोवर केलेल्या प्रतीक्षेचा निर्णय येथे घ्यायचा असतो. नर झाडाची फुले लांब, लोंबत्या, फांद्या फुटलेल्या देठांवर घोसाने येतात; फूल लहान, नळीसारखे आणि सुवासिक असते. मादी फूल खोडालगत, पानाच्या बेचक्यात, आखूड देठावर एकटे किंवा दोन-तीनच्या संख्येने बसते. त्याची कळी बुडाशी फुगीर व टोकाकडे निमुळती असते, आणि पाकळ्या बाजूला केल्या की आत गोलसर बीजांडकोश दिसतो, पुंकेसर दिसत नाहीत. उभयलिंगी कळी लांबट असते. पाकळ्या उलगडल्या की लांबट बीजांडकोशाभोवती पिवळे पुंकेसर स्पष्ट दिसतात. शंका असेल तर एक कळी ब्लेडने उभी कापून पाहावी. पहिल्या एक-दोन फुलांवरून निर्णय न घेता पाच-सहा फुले पाहावीत.

नर-मादी जातीत दर दहा मादी झाडांमागे एक नर राखावा आणि प्रत्येक खड्ड्यात एकच मादी ठेवावी. मादी-उभयलिंगी जातीत उभयलिंगी झाड ठेवावे. तिन्ही मादी निघाल्यास त्यांतले उत्तम एक ठेवावे आणि पराग देण्यासाठी जवळ उभयलिंगी झाड आहे ना, हे पाहावे. नको असलेली झाडे उपटू नयेत, कारण तिन्ही झाडांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. जमिनीलगत करवतीने कापून त्या जागी माती ओढावी. एवढे वाढवलेले झाड कापणे अनेकांच्या जिवावर येते, पण तीन झाडे एकाच खड्ड्यात राहू दिली तर तिन्ही उंच, अशक्त होतात आणि एकालाही नीट फळ लागत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. खानदेश-विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात उभयलिंगी झाडाच्या फुलांतील बीजांडकोश नीट वाढत नाही आणि झाड काही आठवडे नरासारखे वांझ फुलते. त्याचे देठ आखूड आणि पानाच्या बेचक्यातच असतात, नरासारखे लांब लोंबत नाहीत. ही खूण ध्यानात घेऊन असे झाड तोडू नये. उष्णता कमी झाल्यावर ते पुन्हा फळ धरते.

याच सुमारास शेंड्याकडे लक्ष ठेवावे. पाने पिवळी-हिरवी चितकबरी होऊन अरुंद, दोरीसारखी होऊ लागली आणि देठांवर तेलकट हिरव्या रेघा दिसल्या, तर ती रिंगस्पॉटची लक्षणे आहेत. यावर औषध नाही. झाड मुळासकट काढून नष्ट करावे, म्हणजे शेजारची वाचण्याची शक्यता राहते. पानांखाली आणि फळांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण असतो. पपईवरील ही परदेशी कीड २००८ साली कोइमतूर परिसरात आढळली आणि नंतर पसरली. २०१० मध्ये तिच्यावर जगणारा ‘ॲसेरोफॅगस पपाये’ हा सूक्ष्म परोपजीवी कीटक भारतात आणून सोडला गेला आणि त्याने ती मोठ्या प्रमाणात आटोक्यात आणली. म्हणून घरच्या झाडावर थोडे पुंजके दिसताच जहाल कीटकनाशक मारू नये, त्यात हा मित्रकीटकही मरतो. पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क आधी वापरून पाहावा.

फळे आणि तोडणी

एकाच बेचक्यात तीन-चार फळे दाटीने आली तर ती एकमेकांना दाबून चपटी होतात. लिंबाएवढी असतानाच वेडीवाकडी आणि जादाची फळे काढावीत. हिरवी पाने कापू नयेत, फळाची गोडी पानांवर अवलंबून असते. पश्चिमेकडच्या फळांना एप्रिल-मेमध्ये ऊन लागून पांढरे चट्टे पडतात, तेथे गोणपाट किंवा वाळलेली पाने बांधावीत.

लागवडीपासून नऊ ते अकरा महिन्यांत पहिली फळे तोडणीस येतात. फळाच्या टोकाकडे पिवळसर पट्टा दिसू लागला आणि नखाने हलके ओरखडल्यावर दाट पांढऱ्या चिकाऐवजी पाणचट चीक आला, की फळ काढावे. त्याआधी तोडलेले फळ मऊ होते, पण गोड होत नाही. पूर्ण पिवळे होईपर्यंत झाडावर ठेवले तर पक्षी आणि वटवाघळे सोडत नाहीत. चिकाने हातांची आग होते आणि डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून तोडताना हातमोजे घालावेत किंवा हातांना खोबरेल तेल चोळावे. फळ हाताने तोलून धरून धारदार चाकूने देठासह कापावे, देठ खाली करून तासभर ठेवून चीक गळू द्यावा, पुसून वर्तमानपत्रात सैल गुंडाळावे आणि खोलीच्या तापमानाला ठेवावे. चार ते सहा दिवसांत ते खाण्याजोगे पिकते. पूर्ण पिकण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवलेल्या पपईचे पिकणे अडते, म्हणून ती आधी बाहेरच पिकवावी. झाड दोन-तीन वर्षे फळते, परंतु दुसऱ्या वर्षानंतर ते उंच जाऊन फळे लहान होतात. तेव्हा पहिल्या बहरातच पुढच्या तुकडीची पेरणी करावी, आणि ती शक्यतो जुन्या खड्ड्यात न करता बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात, नव्या मातीत करावी.